जर्नलमध्ये न मावणारी नोंद

खानापूर तालुक्यातील एका गावातून रोज बसने बेळगावला येऊन अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या, सध्या तिसऱ्या सेमिस्टरला असलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. आपण जे शिकतो ते लिहून इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवत जा, असे त्यांच्या वर्गाला शिक्षकांनी सुचवले आहे. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, आम्हाला अजून येते तरी काय? लिहिण्यासारखे जे आहे ते आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम असल्यामुळे इंग्रजी बेताचे, आणि मराठीत लिहिले तर वाचणार कोण? चुकीचे लिहिले गेले तर लोक हसतील, आणि एवढा खटाटोप करून नोकरीच्या वेळी त्याचा काही उपयोग होतो का, हेही त्यांनी विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे प्रोग्रॅमिंग करतो. त्यांपैकी सुरुवातीची नऊ वर्षे पुण्यात गेली आणि त्यानंतर बेळगावात राहून उद्यमबागेतील लहानमोठ्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करत आलो. वर्षाकाठी दहा-पंधरा नव्या उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्या लागतात आणि रविवारी काही विद्यार्थी शंका घेऊन घरी येतात. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, आणि माझे स्वतःचे शिक्षणही मराठी माध्यमातून इंग्रजी पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, आणि तेथून इंजिनिअरिंगमध्ये याच वाटेने झालेले असल्यामुळे त्यातील संकोचही परका नाही.

लिहिण्याचा एक प्रकार तुम्ही पहिल्या सेमिस्टरपासून करत आला आहात, तो म्हणजे जर्नल. प्रयोगाचा उद्देश, खाली प्रोग्राम, त्याखाली आउटपुट आणि कोपऱ्यात सरांची किंवा मॅडमची सही. या जर्नलमधील प्रत्येक प्रोग्राम जन्मतःच बरोबर असतो. लॅबमध्ये गेलेले तीन तास, त्यात चारदा बदललेला लूप, शेजारच्या मुलीने दाखवलेला निसटलेला कंस, ‘आउटपुटच येईना झालंय, सर’ म्हणून मारलेल्या हाका, यांतले काहीही त्या पानावर येत नाही. बाळंतपण कोणी पाहिलेच नाही आणि मूल मात्र पाळण्यात खेळते आहे, असा तो प्रकार असतो. जर्नलला दोष द्यायचा नाही, कारण ते तपासण्यासाठी आणि व्हायव्हासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, असते. परंतु शिकणे ज्याला म्हणतात ते नेमके त्या गाळलेल्या तीन तासांत झालेले असते. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे की, जर्नलमध्ये जे मावत नाही तेच लिहावे. पुढचे सारे त्याचाच विस्तार आहे.

सगळे आधीच लिहिलेले आहे, ही शंका पाठ्यपुस्तकातील विषयांपुरती खरी आहे. लिंक्ड लिस्ट म्हणजे काय, स्टॅक आणि क्यू यांत फरक काय, हे तुम्ही पुन्हा लिहिण्याची खरोखरच गरज नाही. तिसऱ्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्याने व्याख्यांचा सारांश लिहायला घेतला की तो दुसऱ्याच्या सारांशाचा सारांश होतो, आणि लिहिणाऱ्यालाही चौथ्या दिवशी कंटाळा येतो. याउलट तुम्ही स्वतः कोठे अडलात हे मात्र इतर कोणी लिहिलेले असण्याची शक्यता फार कमी असते. याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण हवेत बोलून उपयोग नाही.

गेल्या वर्षी रविवारी येणाऱ्यांपैकी एका मुलीने पॅलिंड्रोम, म्हणजे उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द, ओळखण्याचा प्रोग्राम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. शब्द उलटा करायचा आणि मूळ शब्दाशी ताडून पाहायचा, एवढाच तो दोन ओळींचा प्रोग्राम. इंग्रजी ‘मॅडम’ या शब्दावर तो बरोबर चालला आणि जर्नलमध्ये उतरला. घरी गेल्यावर तिला लहानपणचे ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य आठवले. हे वाक्य उलटे वाचले तरी तेच येते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला माहीत असते. तिने मधल्या मोकळ्या जागा काढून ते प्रोग्रामला दिले आणि प्रोग्रामने उत्तर दिले की हा पॅलिंड्रोम नाही.

तिचा पहिला तर्क असा होता की पायथनला मराठी समजत नाही. दहातील आठ विद्यार्थी येथेच थांबतात आणि वही मिटतात. तिने मात्र ‘नयन’ देऊन पाहिले, तर उत्तर बरोबर आले. म्हणजे मराठी समजत नाही हा तर्क पडला. नंतर तिने ‘नवजीवन’ दिले, ते चुकले. या वेळी तिने एक शहाणपणाची गोष्ट केली, ती म्हणजे हो-नाही एवढे उत्तर घेण्याऐवजी उलटा केलेला शब्दच पडद्यावर छापून पाहिला. तेथे ‘नवीजवन’ असे आले होते. ‘ज’वरची वेलांटी उठून ‘व’वर जाऊन बसली होती. मग तिने ‘रामालाभालामारा’ उलटे छापले, तेव्हा सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेला एक निराधार काना आला आणि शेवटच्या ‘र’चा काना नाहीसा झालेला दिसला.

कारण येथे उलगडते. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक पट्टा राखलेला आहे आणि त्यात ‘र’ला एक क्रमांक आहे, तर कान्याला स्वतंत्र, दुसरा. आपल्या डोळ्याला ‘रा’ हे एक अक्षर दिसते. पायथनच्या लेखी ते एकामागोमाग ठेवलेले दोन कोडपॉइंट, म्हणजे असे दोन क्रमांक, असतात, आणि उलटे करताना पायथन अक्षरांचा क्रम न उलटता कोडपॉइंटांचा क्रम उलटतो. मग आधी काना आणि नंतर ‘र’ येतो, आणि काना आपल्या पूर्वीच्या व्यंजनाला सोडून जो नवा शेजारी आधी आला त्याला चिकटतो. ‘नयन’मध्ये मात्रा किंवा वेलांटी नसल्यामुळे तो शब्द वाचला होता. तिने पुढे जाऊन मोजदादही केली: ‘रामालाभालामारा’ यात आपल्या हिशेबाने ७ अक्षरे, पायथनच्या हिशेबाने १४, आणि हाच मजकूर यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ठेवून सी भाषेत लांबी विचारली तर ४२, कारण देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तेथे ३ बाइट घेतो. एका वाक्याच्या तीन लांबी, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

आता हे लिहून ठेवले तर ती नोंद कोणाच्या सारांशाचा सारांश राहत नाही. पॅलिंड्रोमचा प्रोग्राम इंटरनेटवर हजार ठिकाणी असेल, पण ‘नवजीवन’चे ‘नवीजवन’ का झाले हे विचारत शोधणारा विद्यार्थी निपाणीत असेल, चिकोडीत असेल, नाहीतर कोल्हापुरात असेल, आणि त्याला हवी असलेली नोंद लिहायला फार मोठे पांडित्य लागत नाही. लागतो तो अडलेला क्षण. माझ्यासारख्याला हे लिहिता येणार नाही असे नाही, पण माझ्या हातून ते नीट उतरत नाही, हा अनुभव आहे. बावीस वर्षांनंतर काना वेगळा साठवला जातो ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकेल हेच माझ्या ध्यानात येत नाही. ज्याला काल समजले तोच आज अडलेल्याला सांगू शकतो. म्हणून ‘आम्हाला अजून येते तरी काय’ हे कारण लिहिण्याच्या विरुद्ध न जाता लिहिण्याच्या बाजूनेच जाते, आणि ही पात्रता फार काळ टिकत नाही, दोन-तीन महिन्यांत निघून जाते.

नोंद लिहिताना काय काय असावे, याबद्दल थोडे सांगतो. आपल्याला काय करायचे होते, प्रोग्राम चालवण्यापूर्वी आपला अंदाज काय होता, आणि प्रत्यक्षात काय आले, या तीन गोष्टी आधी याव्यात. यांतील अंदाज सगळेच विसरतात, कारण उत्तर कळल्यावर ‘मला हे वाटलेच होते’ असे मन सांगू लागते. म्हणून चालवण्याआधी तो पेन्सिलीने वहीत लिहिण्याची सवय लावून घ्यावी. एरर आला असेल तर त्याचा मजकूर जसाच्या तसा, एक अक्षरही न बदलता उतरवावा. ‘काहीतरी टाइप एरर आला’ असे लिहिणे म्हणजे डॉक्टरला ‘कुठेतरी दुखते’ सांगण्यासारखे आहे. त्यानंतर कोणते तर्क केले आणि ते कशाने पडले ते यावे. वरच्या उदाहरणात ‘नयन’ ही सर्वांत मोलाची ओळ आहे, आणि जर्नलमध्ये तिलाच जागा नसते.

प्रोग्राम पूर्ण देऊ नये. दोनशे ओळींचा प्रोग्राम कोणी वाचत नाही, आणि वाचू म्हटले तरी चूक नेमकी कोठे आहे ते लपून जाते. जेवढ्या ओळींत ती चूक पुन्हा घडवून दाखवता येते तेवढ्याच ओळी ठेवाव्यात. ही काटछाट करणे हेच निम्मे काम आहे. माझ्या अनुभवात अर्ध्याअधिक वेळा ओळी कमी करता करताच चूक सापडते आणि विचारायला किंवा लिहायला वेगळे काही उरत नाही. तसे झाले तरी नोंद लिहावीच, कशी सापडली तेवढ्यापुरती.

आवृत्तींचे आकडेही लिहावेत, आणि हे मी शिस्तीच्या हौसेने सांगत नाही. त्याच मुलीने नंतर प्रत्येक व्यंजनाला त्याच्या मागोमाग येणारी स्वरचिन्हे चिकटवून गट करण्याची युक्ती लिहिली, आणि ‘ती होडी जाडी होती’ यावर ती चाललीही. पण जोडाक्षर येताच ‘क्ष’चे ‘क्’ आणि ‘ष’ असे दोन तुकडे पडले. युनिकोडमध्ये अशा गटांना ग्राफीम क्लस्टर म्हणतात आणि ते कोठे तोडावेत याचे नियम ठरलेले आहेत. गंमत अशी की त्या नियमांनुसारही बरीच वर्षे जोडाक्षर हलन्ताशी तुटतच असे. देवनागरीतील जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम २०२३ साली १५.१ या आवृत्तीत आला. म्हणजे तोच प्रोग्राम, तोच शब्द, आणि लायब्ररी, म्हणजे आपण वापरतो तो तयार कोड, जुनी की नवी यावर उत्तर वेगळे. आवृत्ती न लिहिलेली नोंद दोन वर्षांनी वाचणाऱ्याला, आणि तो वाचणारा बहुधा आपणच असतो, थेट चकव्यात नेते.

या लिहिण्याचा पहिला लाभ वाचकाला नसून लिहिणाऱ्याला होतो, आणि तोही एका अटीवर, ती म्हणजे पुस्तक आणि पडदा मिटून लिहावे. रोडिजर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबत उद्बोधक आहेत. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एक आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. इंटर्नल्सच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत चाचण्यांच्या, आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचण्याने जो विश्वास वाटतो तो का फसवा असतो, याचे उत्तर यात आहे. आधी आठवून लिहावे, मग पुस्तकाशी ताडून पाहावे, आणि जेथे चुकले तेथे खाडाखोड तशीच राहू द्यावी.

हे सारे संगणकाच्याच पडद्यावर व्हायला हवे असेही नाही. एड्सगर डायक्स्ट्रा या थोर डच संगणकशास्त्रज्ञाने तेराशेहून अधिक टिपणे लिहिली, बरीचशी फाउंटन पेनने, प्रत्येकावर क्रमांक घालून. त्यांच्या झेरॉक्स प्रती परिचितांना टपालाने जात आणि ते पुढे आणखी प्रती काढून वाटत. डोनाल्ड क्नूथ यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे काम १९७७ साली हाती घेतले, १९७८ पासून तिच्यात सापडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद ठेवली आणि १९८९ साली ती यादी स्वतःच प्रसिद्ध केली. जगातील सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या प्रोग्रामरला आपल्या चुका छापायला संकोच वाटला नाही, तर तिसऱ्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्याने कशाला वाटून घ्यावा?

तुमच्या घरापासून महाविद्यालयापर्यंतच्या वाटेवर असे विषय पुष्कळ पडलेले असतात, आणि ते अभ्यासक्रमात असतातच असे नाही. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या एका ऑपरेटरचा मुलगा माझ्याकडे येत असे. त्याने वडिलांसाठी एक लहान प्रोग्राम लिहायला घेतला होता: एकूण १ मिलिमीटर माल काढायचा असेल आणि प्रत्येक कट ०.१ मिलिमीटरचा असेल, तर कटांचा तक्ता छापायचा. शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक वेळी ०.१ मिळवायचे आणि बेरीज १ झाली की थांबायचे. प्रोग्राम थांबेचना. दहाव्या वेळी बेरीज १ व्हायला हवी होती, ती ०.९९९९९९९९९९९९९९९९ झाली, नेमकी १ नसल्यामुळे लूप पुढे सरकला आणि कागदावरचा जॉब कापून कापून नाहीसा झाला.

कारण तुम्हाला पुढे शिकवले जाईल: आपल्या दशमान पद्धतीत जसा एक तृतीयांश कधी पुरा लिहून संपत नाही, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही, संगणक त्याचा जवळचा आकडा ठेवतो आणि प्रत्येक बेरजेत तो किंचितसा फरक सोबत येतो. पण या मुलाच्या नोंदीत मला आवडलेला भाग दुसराच आहे. त्याने ही अडचण घरी जेवताना सांगितली, तेव्हा वडील म्हणाले की मी कुठे मिलिमीटर मोजत बसतो, मी डायलवरच्या रेघा मोजतो. प्रोग्रामची दुरुस्ती अक्षरशः तीच होती. दशांश मिलिमीटर हे एकक धरून पूर्णांकात १ ते १० मोजायचे आणि छापताना तेवढे १० ने भागायचे. पैशांचे हिशेब रुपयांऐवजी पैशांत ठेवावेत असे आम्ही व्यवसायात सांगतो, त्यामागेही हेच कारण आहे. त्याने नोंदीत वडिलांचे ते वाक्य जसेच्या तसे लिहिले होते. पाठ्यपुस्तकातील फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे संगणकातील अपूर्णांकांच्या, प्रकरणापेक्षा ते एक वाक्य मी अनेकांना अधिक वेळा सांगितले आहे.

आता भाषेचा प्रश्न. आपल्या भागात घरी मराठी, वर्गात इंग्रजी, कचेरीत कन्नड आणि मित्रांत तिन्हींची मिसळ, अशी स्थिती असते, आणि विद्यार्थ्याला वाटते की यांपैकी एक भाषा कायमची निवडली पाहिजे. तसे काही नाही. पहिली नोंद ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहावी. तुमच्या बाबतीत ती मराठी आहे. लूप, पॉइंटर, अ‍ॅरे, फंक्शन हे शब्द तसेच ठेवावेत, त्यांना घडवलेले प्रतिशब्द शोधत बसू नये, कारण वाचणाऱ्यालाही तेच शब्द माहीत असतात. एररचा मजकूर मात्र इंग्रजीतच आणि इंग्रजी लिपीतच राहू द्यावा, कारण अडलेला माणूस तोच मजकूर जसाच्या तसा टाकून शोधतो. मराठीत लिहिण्याचा एक अनपेक्षित फायदा असा की न समजलेले झाकता येत नाही. इंग्रजी पुस्तकातील वाक्य उचलून ‘इट इज यूज्ड फॉर डायनॅमिक मेमरी अ‍ॅलोकेशन’ असे लिहिले की समजल्याचा भास होतो; तेच मराठीत सांगायला बसले की ‘म्हणजे नक्की कोण, कोणाकडून, कधी जागा मागतो?’ असा प्रश्न स्वतःलाच पडतो, आणि तेथेच अभ्यास सुरू होतो.

इंग्रजीचा कंटाळा करावा असे मी म्हणत नाही, कारण पोट त्याच्यावर आहे. दर चार-पाच मराठी नोंदींतील एखादी, जी आपल्याला खरोखर पक्की समजली आहे, ती इंग्रजीत नव्याने लिहावी. भाषांतर करू नये. त्याच चुकीची गोष्ट पुन्हा सांगावी. विषय पक्का असला की भाषा तोडकीमोडकी असली तरी अर्थ पोचतो, आणि लहान वाक्ये लिहिण्याची सवय लागते. कन्नड चांगले येणाऱ्यांनी कन्नडमध्येही लिहावे, आणि मराठी शब्दांवर केलेले प्रयोग कन्नड शब्दांवर करून पाहावेत. आपल्या वर्गात दोन्ही लिप्या वाचणारी मुले शेजारी शेजारी बसतात, ही सोय पुण्या-मुंबईच्या वर्गात सहसा नसते.

इंटरनेटवर ठेवण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीच लागतात. पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची गुप्त की प्रोग्राममध्ये लिहिलेली असेल तर ती नोंदीबरोबर जगजाहीर होते, आणि अशा किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्राम ती काही मिनिटांत उचलतात. नव्या कमिटमध्ये, म्हणजे नव्याने नोंदवलेल्या बदलात, ती ओळ पुसली तरी गिट या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाच्या इतिहासात ती राहतेच. म्हणून पुसण्यात वेळ न घालवता आधी ती की रद्द करून नवी घ्यावी. हा धडा मी फुकटात शिकलेलो नाही, माझ्या हातून एका ग्राहकाच्या डेटाबेसचा पासवर्ड असाच बाहेर गेला होता आणि ती रात्र जागून काढावी लागली होती. इंटर्नशिपमध्ये पाहिलेला कंपनीचा कोड लिहू नये. घरच्या दुकानाच्या किंवा कारखान्याच्या हिशेबावर प्रोग्राम केला असेल तर त्यातील गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर काढून त्या जागी काल्पनिक घालावेत. चालू सेमिस्टरच्या असाइनमेंटची तयार उत्तरेही ठेवू नयेत; मुदत संपल्यावर, आपण कोठे चुकलो तेवढे लिहावे.

चुकीचे लिहिले गेले तर काय, या भीतीबद्दल सांगायचे तर, लिहिले जाईलच. चूक कोणी दाखवली की ती गुपचूप पुसू नये. जुने वाक्य राहू द्यावे आणि खाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी, दाखवणाऱ्याचे आभार मानावेत. क्नूथ आपल्या पुस्तकातील चूक प्रथम दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा चेक देत असत, कारण २५६ सेंट म्हणजे सोळाच्या हिशेबातला एक डॉलर, असा त्यांचा विनोद आहे. वर सांगितलेल्या लेथवाल्या मुलाने त्याचे अनुकरण करून चूक दाखवणाऱ्याला बेळगावची मिठाई, पाव किलो कुंदा, जाहीर केला होता. दोन महिन्यांत त्याला ती योजना आवरती घ्यावी लागली, पण तोवर त्याच्या नोंदी वर्गातील सगळ्यांनी बारकाईने वाचून काढल्या होत्या. हसणारे एक-दोन निघतात, तेही कुंद्यावर ताव मारून जातात.

नोकरीबद्दल मी माझ्यापुरते प्रामाणिकपणे सांगतो. उमेदवाराच्या सगळ्या नोंदी मी वाचत नाही, तेवढा वेळ नसतो. त्यातील एक उघडतो आणि त्यावरच प्रश्न विचारतो. एकदा एका मुलाच्या यादीत चाळीसहून अधिक नोंदी होत्या, प्रत्येक विषयावर, सुबक इंग्रजीत. त्यातील एकीबद्दल ‘हे करताना सर्वांत जास्त वेळ कशात गेला?’ एवढेच विचारले आणि त्याला उत्तर देता आले नाही, कारण वेळ कशातच गेला नव्हता. दुसऱ्या एका मुलीच्या सहाच नोंदी होत्या, दोन अर्धवट, आणि एकीत शेवटी ‘हे का होते ते मला अजून कळलेले नाही’ असे लिहिले होते. आमची मुलाखत त्या वाक्यावरच पाऊण तास चालली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून सुबक मजकूर तयार करणे कोणालाही जमते, त्यामुळे सुबकपणाला आता माझ्या लेखी किंमत उरलेली नाही. शुद्धलेखन सुधारून घ्यायला यंत्राची मदत खुशाल घ्यावी. अडणे मात्र आपले स्वतःचे असावे, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. पण नोकरी लागावी एवढ्याच हेतूने सुरू केलेल्या नोंदी सहसा दुसऱ्या महिन्यापलीकडे जात नाहीत, हेही पाहिले आहे.

किती वेळा लिहावे, याला नियम नाही. पंधरा दिवसांत एक पुरेशी आहे. परीक्षेच्या महिन्यात एकही नसली तरी बिघडत नाही. सजावट, रंग, स्वतःचे डोमेन यांत पहिल्या वर्षी शिरू नये. त्यात गेलेले आठवडे लिहिल्यासारखे वाटतात आणि लिहून काहीच झालेले नसते. साध्या मजकुराची पाने फुकट ठेवता येतील अशा सोयी आहेत, गिटहब पेजेस ही त्यांतील एक, आणि ती वापरताना गिटचाही सराव होतो. गावात लाईट गेली किंवा रेंज नसली तर वही आहेच. बसच्या प्रवासात लॅपटॉप उघडणे जमत नाही, पण आज लॅबमध्ये काय अडले त्याच्या चार ओळी खरडणे जमते, आणि त्या चार ओळी हाताशी असल्या तर रविवारी नोंद लिहायला तास पुरतो. त्या नसल्या तर रविवारपर्यंत फक्त बरोबर आलेले आउटपुटच आठवते.

पहिल्या नोंदीसाठी विषय हवा असेल तर एक देतो. माळ, मावशी, माशी, मासा, माहेर हे पाच शब्द पायथनला क्रमाने लावायला सांगा. ‘माळ’ सर्वांत आधी येईल, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, म्हणजे मराठी कोशाच्या क्रमाने हा शब्द सर्वांत शेवटी जायला हवा. तो तेथे कसा न्यायचा ते मी सांगत नाही. चालवण्याआधी आपला अंदाज तेवढा वहीत लिहून ठेवा.